वैतरणेच्या काठची झाडं पाहून खारं पाणी कुठवर चढतं ते सांगता येईल का?

दगडवाट (नाशिक)

नमस्कार मंडळी,

आमचा नाशिकचा चार-पाच जणांचा गट आहे, नदीकाठाने चालणारा. ट्रेकिंग म्हणावं तर त्यात गड नाही की सुळका नाही, नुसती नदी धरून खाली जायचं. गोदावरी त्र्यंबकपासून नांदूरमधमेश्वरपर्यंत तुकड्या-तुकड्यांनी झाली. मग वैतरणा घेतली. दोघींचा उगम त्र्यंबकच्याच डोंगरात, पण एक पार आंध्रात जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते आणि दुसरी घाट उतरून अरबी समुद्राला. गोदेच्या मुखापर्यंत चालणं या जन्मात शक्य नाही, वैतरणेचं मुख मात्र आवाक्यातलं आहे.

गेल्या फेब्रुवारीत खालचा टप्पा केला. वर इगतपुरीकडे काठाला जांभूळ, उंबर, निरगुडी, पात्रातल्या खडकांत शेरणीची झुडपं. वैतरणा आणि सफाळे स्टेशनांमधल्या रेल्वे पुलाशी पोचलो तर सगळा गाळ आणि तिवरं (खारफुटीची झाडं). ही दोन टोकं कळली. गोंधळ आहे तो मधल्या पट्ट्यात. एका ठिकाणी काठावर मोठा करंज होता, नदीकडची अर्धी बाजू वाळलेली. त्याच्या खाली गाळात काटेरी पानांची, गुडघाभर उंचीची झुडपं दाट माजलेली. फुलं निळसर होती. तिथल्या एका आजोबांनी सांगितलं, "पूर्वी होळीपर्यंत गुरं इथं पाणी प्यायची, आता दिवाळी झाली की तोंड लावत नाहीत."

तर विचारायचं असं, की काठच्या झाडाझुडपांवरून खारं पाणी किती वर चढतंय, आणि आधीपेक्षा जास्त चढतंय का, हे ठरवता येतं का? कुठली झाडं बघायची? करंज खारानेच वाळला असं धरून चालावं का? आणि हे सगळं नीट नोंदवलं तर त्यावरून वरच्या धरणांचा परिणाम दाखवता येईल का? शेवटचा प्रश्न जरा अवघड जागेचा आहे. सगळ्यात वरचं धरण आमच्याच जिल्ह्यात आहे, त्याच्या भिंतीवर उभं राहून आम्हीच फोटो काढतो.

---

पाणीतपासनीस

झाडं कशाला बघताय? मीटर टाका पाण्यात, आकडा येईल.

एक कामाची गोष्ट सांगतो. किनारपट्टी नियमनाच्या २०११ च्या अधिसूचनेत भरतीचा प्रभाव कुठवर धरायचा याची रेघ ठरलेली आहे. वर्षातल्या सगळ्यात कोरड्या काळात पाण्याची क्षारता दर हजारी ५ भाग जिथे भरते, तिथपर्यंत. समुद्राचं पाणी साधारण दर हजारी ३५. म्हणजे समुद्राच्या सातव्या हिश्शाइतकं खारं. मे महिन्यात जा, मोजा, रेघ मारा, विषय संपला.

फक्त घरातला पाण्याच्या फिल्टरवाला टीडीएस मीटर नेऊ नका. बहुतेक स्वस्त मीटर दर दशलक्षी दहा हजार भागांच्या आत दम टाकतात, आणि खाडीत तुम्हाला त्याच्या तिप्पट लागेल.

---

खाडीकाठची (माहेर केळवे, मुक्काम इंदिरानगर, नाशिक)

पाणीतपासनीस, तुमची रेघ बरोबर आहे, पण विषय काही संपला नाही. मीटर त्या घटकेचं सांगतो. त्याच जागी ओहोटीला एक आकडा, भरतीला दुसरा, श्रावणात तिसराच. शिवाय खारं पाणी जड. नदीच्या मचूळ पाण्याखालून ते तळाने वर सरकतं. काठावरून वाकून बाटली भरली की वरचं गोडसर पाणी मिळतं आणि माणूस खूश होऊन घरी जातो. झाडाला असं वरवरचं चालत नाही. त्याला वर्षातला सगळ्यात वाईट आठवडा तिथेच उभं राहून काढावा लागतो, नाहीतर मरावं लागतं. म्हणून मी झाड आधी बघते, मीटर नंतर. मीटर नको असं मात्र मी म्हणत नाहीये.

आता दगडवाट, तुझ्या करंजाकडे येते. (माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा असशील असं धरून अरे-तुरे करते, राग मानू नकोस.) करंज हा साक्षीदार म्हणून कुचकामी आहे. त्याला थोडाफार खार सहज चालतो, कोकणात तो खाडीच्या कडेला मजेत असतो. नदीकडचीच बाजू वाळली म्हणतोस, तर आधी मुळाखालची माती वाहून गेली आहे का ते बघायला हवं होतं. काठ खचला की असंच होतं. भेंड आणि उंडी हीसुद्धा तशीच निगरगट्ट झाडं, त्यांच्या तब्येतीवरून पाण्याची परीक्षा करू नये. खाराची झळ ज्यांना लवकर लागते ती वेगळी: आंबा, केळ, आणि आमच्या केळवे-माहीमची पानवेल. विहिरीचं पाणी जरा मचूळ झालं की पानमळा आधी रडतो. तेव्हा नदीकाठच्या वाड्यांतल्या आंब्यांकडे बघ. पानांच्या कडा टोकाकडून करपत आत येत असतील आणि विहीर नदीलगत असेल, तर ती खरी खूण.

खालची काटेरी पानांची झुडपं म्हणजे मारांडी, अकँथस इलिसिफोलियस. ही माहिती मात्र मोलाची आहे. मारांडी खाडीत सगळीकडे सापडते, पण काठ भरून माजते ती बहुधा वरच्या अंगाला, जिथे गोड्या पाण्याचा हात लागलेला असतो. म्हणजे तुम्ही खार आणि गोड यांच्या सीमेवर उभे होतात. पुढच्या वेळी तिथून खाली चालत जाऊन मारांडी विरळ कुठे होते आणि वर चालत जाऊन ती संपते कुठे, ही दोन टोकं नकाशावर मार.

तिवर दिसलं म्हणून उड्या मारू नकोस. अव्हिसेनिया मरीनाला सगळंच चालतं, जवळजवळ गोड पाण्यापासून समुद्रापेक्षा खाऱ्या चिखलापर्यंत. पान चाटलं तर खारट लागतं, तेही पुरावा नव्हे. ते झाड खार आत घेतं आणि पानांतल्या ग्रंथींवाटे बाहेर टाकतं, म्हणून पानावर मीठ साचतं. चिप्प्यांमध्ये (तीही खारफुटीचीच झाडं) मात्र फरक करायला शिक. पांढरी चिप्पी (सोनेरेशिया अल्बा, २०२० साली राज्याचं कांदळवन वृक्ष म्हणून जाहीर झाली ती) मुखाकडची, समुद्राच्या पाण्याची सवय असलेली. बिनपाकळ्यांची चिप्पी, सोनेरेशिया ॲपेटाला, कमी खाऱ्या पाण्यात खुलते. तिच्या फांद्या खाली लोंबतात, पानं अरुंद. दोघी कुठे एकमेकींना भेटतात ते बघ. खाडीतला तो मोठा, चामड्यासारख्या पानांचा नेचा, ॲक्रोस्टिकम, दिसला तर तोही गोडाकडे झुकणारा.

आणखी एक फसवी जागा सांगून ठेवते. खाडीकाठच्या उघड्या, सपाट चिखलावर माचूळ, मोरस, धापा अशी मांसल पानांची बुटकी झुडपं असतात. ती दिसली की लोक म्हणतात, बापरे, इथे पाणी किती खारं! पाणी नाही, माती खारी. अशा उंच सपाटीवर फक्त उधाणाचं पाणी चढतं, महिन्यातले काही दिवस. बाकीचे दिवस ऊन ते आटवतं आणि मीठ मागे राहतं. त्याच सपाटीपासून पाच पावलांवर खाली धारेला पाणी निम्म्याने कमी खारं असू शकतं. म्हणून झाड लिहिताना ते काठाच्या कुठल्या उंचीवर आहे हे लिहिल्याशिवाय नोंद पुरी होत नाही.

आता तुझा मुख्य प्रश्न, आधीपेक्षा बदललंय का. इथे सगळे जण उभ्या झाडांच्या याद्या करतात आणि माझं डोकं फिरतं. मोठं झाड त्याच्या लहानपणीच्या पाण्याची साक्ष देतं. तीस वर्षांचा आंबा किंवा जुनी चिप्पी आज तिथे आहे याचा अर्थ एवढाच, की रुजताना तिला तिथलं पाणी मानवलं आणि नंतर ती तगून राहिली. आजचं पाणी कळायला तिच्या पायाशी काय उगवतंय ते बघायचं. रोपाला खार सहन होत नाही तो मोठ्या झाडाला होतो, हे बहुतेक जातींना लागू आहे. वर निवर (गोड्या पाण्याच्या काठचं झाड) उभा आहे, खाली त्याचं एकही रोप नाही, आणि तिवराची बोटभर रोपं गर्दी करून उगवली आहेत, तर ती जागा बदलते आहे. उलटंही दिसतं. तिवराच्या जुन्या खोडांखाली पाणकणीस आणि नळ शिरला असेल तर तिथे गोडं पाणी वाढलंय. कालव्याचं पाणी वाहून येतंय किंवा खारबंधारा (खारं पाणी अडवणारा बांध) नव्याने बांधलाय, असलं काहीतरी कारण निघतं.

उगवणारं, उभं असलेलं आणि वाळलेलं, अशा तीन वेगळ्या नोंदी कर. बाकी कशाचीही यादी केली नाहीस तरी चालेल.

---

निफाडचा

खाडीकाठच्या काकूंचा आंब्याच्या पानाचा मुद्दा वाचून बरं वाटलं. आमच्याकडे समुद्र नाही, पण खार आहे. कॅनॉलचं पाणी वर्षानुवर्षं दिलं, निचरा नाही, जमीन चोपण (खारवट) झाली. द्राक्षाच्या पानाची कड अशीच करपते. माती परीक्षणात विद्युत वाहकता दीडच्या वर गेली की द्राक्ष कुरकुर सुरू करतं (डेसीसायमन प्रति मीटर म्हणतात ते). म्हणून तर सगळा तालुका डॉगरिज खुंटावर कलमं करतो. भात तीनपर्यंत सोसतो म्हणे. समुद्र पन्नासच्या आसपास असतो हे वाचलं तेव्हा तिवराला मनातल्या मनात हात जोडले.

बांधावरच्या गवतावरून जमीन कळते हे आमच्या वडिलांनाही ठाऊक होतं. ज्या कोपऱ्यात हरळीसुद्धा पातळ होते आणि पांढरा थर येतो, तिथे पैसे घालायचे नाहीत.

माझा प्रश्न वेगळा आहे. द्राक्षमण्याची साखर बघायला आमच्याकडे रिफ्रॅक्टोमीटर असतो, ब्रिक्सवाला. तो खाडीत चालेल का? दगडवाटला देऊ शकतो, छाटणी होईपर्यंत पडूनच असतो.

---

पाणीतपासनीस

@निफाडचा, तत्त्व तेच आहे, पाण्यात काही विरघळलं की प्रकाश जास्त वाकतो. पण पट्टी साखरेची. दर हजारी ५ भाग मीठ त्या पट्टीवर एका ब्रिक्सच्याही खाली दिसेल, वाचताच येणार नाही. क्षारतेची पट्टी असलेला रिफ्रॅक्टोमीटर वेगळा मिळतो, मत्स्यशेतीवाले वापरतात तो. खालच्या टोकाला तोही धूसरच. गोड-खाऱ्याच्या सीमेवर वाहकता मीटर बरा.

तळाच्या पाण्याचं काकूंचं म्हणणं मान्य. बाटलीला दगड बांधायचा, बुचाला वेगळी दोरी, तळाला गेल्यावर बूच ओढायचं. फुकट काम. वरचा आणि तळाचा असे दोन्ही आकडे लिहा, त्यांच्यातला फरकच बोलका असतो.

---

दगडवाट (नाशिक)

काकू, दंडवत. करंजाखालची माती बघितलीच नव्हती, पुन्हा जाऊ तेव्हा बघतो. रोपांचं तर कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, आम्ही सगळे माना वर करून फोटो काढत होतो.

दोन गोष्टी विचारतो. एक, आपल्या गोदावरीतल्या पाणवेली खाडीत का दिसत नाहीत? आनंदवल्लीपासून पुढे नदी हिरवीगार झालेली आम्ही रोज बघतो. त्याही खूण म्हणून वापरता येतील का? दुसरं, धरणांबद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत.

---

खाडीकाठची (माहेर केळवे, मुक्काम इंदिरानगर, नाशिक)

पाणवेल (जलपर्णी) खाराला फार नाजूक. पावसाळ्यात पुराबरोबर ढिगाने खाडीत उतरते, किनाऱ्यालाही लागते, आणि खारं पाणी लागलं की तपकिरी पडून कुजते. हिवाळ्यात हिरवी, फुललेली जलपर्णी जिथवर टिकून आहे तिथवर खार पोचलेला नाही, असं बिनधास्त लिही. पण ती तरंगती. आज इथे, उद्या ओहोटीने दोन मैल खाली. म्हणून खुंटाला किंवा पुलाच्या खांबाला अडकून राहिलेलीच धर. मला ही खूण आवडते, कारण ती याच हंगामाचं सांगते, झाडासारखी मागची पंचवीस वर्षं त्यात मिसळत नाही.

धरणांबद्दल मुद्दाम बोलले नव्हते. झाडं "बदललं" एवढंच सांगतात, "कोणी" ते सांगत नाहीत. वैतरणेच्या खोऱ्यातली धरणं आजची नव्हेत. उपनदी तानसावरचं १८९२ चं, मोडकसागर १९५७ चं, मध्य वैतरणा २०१४ चं, आणि तुमच्या फोटोतलं वरचं. हे पाणी मुंबई पिते. पण खालच्या टप्प्यात रेतीचा उपसा होऊन पात्र खोल झालं तरी खार वर चढतो. खारबंधाऱ्याची झडप तुटली तरी आतली शेतं खारावतात, समुद्राची पातळी तर वाढतेच आहे. आणि दुसरी उपनदी सूर्या, तिच्या कालव्यांचं पाणी उन्हाळ्यात कुठे कुठे उलट गोडवा आणत असेल. एवढे सगळे आरोपी समोर असताना मारांडीच्या एका बेटावरून धरणाला फाशी द्यायला मी तयार नाही.

तुझ्या त्या आजोबांचं वाक्य मात्र मी दोनदा वाचलं. होळीऐवजी दिवाळी. सह्याद्रीतली नदी एप्रिल-मेमध्ये पूर्वीही दोरीएवढीच उरायची, तेव्हा खार वर यायचाच. धरण अडवतं ते पावसाळा सरतानाचं आणि त्यानंतरचं पाणी. माझ्या मते शोधायचं असेल तर ते मे महिन्यात नाही, ऑक्टोबर ते जानेवारीत शोधायला हवं. खार किती वर चढतो यापेक्षा किती लवकर चढतो, हे बघ. त्याला मोठी झाडं उपयोगाची नाहीत. त्याला वर्षायू गवतं, काठावरची भाजी, आणि रब्बीत नदीचं पाणी उपसून वाल-हरभरा करणारी माणसं. कुणी, कुठल्या वर्षी, कुठल्या महिन्यात पंप बंद केला ते विचारत जा. गावात एकाला विचारून थांबू नकोस, बायकांनाही विचार. कपडे धुताना साबणाला फेस येईनासा झाला की त्यांना आधी कळतं.

जुन्या भातांचीही चौकशी कर. खारजमिनीत काळा रत्ता, भुरा रत्ता लावायचे, नंतर पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राच्या पनवेल-१, पनवेल-२ वगैरे आल्या. ज्या खाचरात आजोबा साधं भात करायचे आणि नातू खाऱ्या जातीवर आला, त्या खाचराचा बांध नीट बघून ये. बहुतेकदा गोष्ट नदीची नसून फुटलेल्या बांधाची निघते.

---

दगडवाट (नाशिक)

मग दिवाळीनंतर लगेच एक फेरी आणि मे महिन्यात एक. मारांडीची दोन्ही टोकं, अडकलेल्या पाणवेली, आणि दर ठिकाणी तळ-वर पाण्याचे नमुने. भरतीची वेळ कशी धरायची? आम्ही पडलो देशावरचे.

---

खाडीकाठची (माहेर केळवे, मुक्काम इंदिरानगर, नाशिक)

तिथीला पाऊणने गुण. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा, तेवढ्या वाजता समुद्रावर पूर्ण भरती. हा कोळ्यांचा ठोकताळा, पाऊण-एक तास इकडेतिकडे होतो. तू आत जितका वर जाशील तितकी भरती उशिरा पोचते, तेव्हा वेळ हातात ठेव. पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी उधाण सगळ्यात मोठं, मेमधली फेरी तेव्हा कर. अष्टमीच्या भांगाला (सगळ्यात लहान भरतीला) गेलास तर खार खालीच राहील आणि तू उगाच खूश होशील.

झाडांना हात लावू नका. २००५ पासून उच्च न्यायालयाच्या आदेशाने कांदळवनाची तोड बंद आहे. एखादी डहाळी खुणेसाठी मोडली तर काय होतं, असं म्हणणारा एक तरी प्रत्येक गटात असतोच, त्याला आवरा. गेव्याच्या फांदीला तर चुकूनही नको, चीक डोळ्यात गेला तर दिसायचं बंद होतं. फोटो काढताना रोपाशेजारी फूटपट्टी उभी धरा, आणि दर फेरीला त्याच जागेवरून, त्याच दिशेला तोंड करून काढा.

आणि ट्रेकिंगचे भारी बूट घरी ठेवा. जुने कॅनव्हासचे, नाडी घट्ट बांधलेले. गाळात पाय वर येतो, बूट येत नाही.

---

निफाडचा

दिवाळीनंतरच्या फेरीला मी येतो. छाटण्या तोवर उरकलेल्या असतात. गाडी माझी.